सातवी गोळी

अन्याय झाला तो शेरीफकाकांवर. गुढीपाडव्यानंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी साडेदहा ते पावणेअकरा. ठिकाण भिंगार, आमच्या गल्लीच्या तोंडाशी, हातपंपामागची मोकळी जागा. साक्षीला साठ-सत्तर माणसं आणि एक भोंगा. अन्याय केला मी.

पत्रक असंच सुरू करायचं असतं, हे मला शिकवलेलं आहे. कुणावर, कधी, कुठं, कुणी. पहिल्या चार ओळींत हे आलं नाही तर लोक त्या पत्रकात भजी बांधून नेतात. तीन वर्षं मी पत्रकं लिहिते आहे. 'कुणी'च्या जागी स्वतःला लिहायची ही पहिलीच वेळ. हात अडखळतोय. अडखळू दे.

शेरीफकाका हे काही त्यांचं खरं नाव नाही. खरं नाव मी इथं देत नाही. त्यांच्या नावाचं मी जे केलं तेवढं पुरे झालं. कॅम्पातल्या वर्कशॉपमध्ये त्यांनी सगळी नोकरी वायरलेस सेट दुरुस्त करण्यात काढली. सिव्हिलियन. म्हणजे काम लष्कराचं आणि अंगात मात्र घरचा शर्ट. बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबानं त्यांना खोकंभर टेप दिल्या होत्या. अमेरिकेतल्या रेडिओवरची जुनी गुप्तहेरांची नाटकं. पाऊस पडतोय, दार करकरतंय, कुणीतरी बाई किंचाळते आणि मग एक घोगरा माणूस सगळं शोधून काढतो. काका इंग्रजी शिकले ते या टेपांवरून, कानाला हेडफोन लावून. पुढं टीव्ही आला, मोबाईल आला, आणि त्यावर घोडेवाल्यांच्या जुन्या मालिका सापडल्या. वाळवंट, सहाबारी पिस्तुलं, छातीवर चांदणी लावलेला शेरीफ, म्हणजे त्या गावचा फौजदार. त्यामुळं काकांचं इंग्रजी दोनच ठिकाणी चालायचं, खुनाच्या जागी आणि घोड्यावर. बँकेत अडायचं.

डोक्याला एक तपकिरी हॅट. जुन्या बाजारातून आणलेली, कडा कुरतडलेली. ती घालून ते घरात टीव्हीसमोर बसायचे. गल्लीत कधीच नाही. मी विचारलं होतं, "काका, बाहेर का नाही घालत? मस्त दिसते."

"हॅट घातली की पिस्तुल लागतं. पिस्तुल न्हाई तर हॅट घरात."

बाईमाणूस दारात आलं की हॅट काढून छातीशी धरायचे. मग ती भाजीवाली असो, की घरोघर माहिती घ्यायला आलेली ती बाई, जिनं 'लोक काय म्हणतात तुम्हाला?' असं गमतीनं विचारलं आणि कागदाच्या कडेला 'शरीफ' असं लिहून ठेवलं. शेजारच्या आपांच्या लेकानं ते वाचून दाखवलं. "काका, तुम्ही तर आमच्यातले झाले!" काका म्हणाले, "शरीफ म्हनजे भला मानूस ना? मग खोडायचं कशाला?" तेव्हापासून भिंगारमध्ये त्यांना निम्मे लोक शेरीफ म्हणतात, निम्मे शरीफ. मशिदीकडून येणारे काही जण सलाम करतात. काकाही मान लववून तो घेतात. ही गंमत लक्षात ठेवा. पुढं ती गंमत राहत नाही.

टीव्ही जुना, डबा; मोबाईल त्याला काकांनीच तारेनं जोडला होता. तो मरेल तितक्यांदा काका जिवंत करायचे. चित्र रंगीत आलं तर रंग उतरवून काळं-पांढरं करायचे. "रंगीत घोडा मला खोटा वाटतो." आणि बघताना मोजायचे. हीच त्यांची सगळ्यात मोठी खोड. शेरीफनं पिस्तुल काढलं की काकांची बोटं मांडीवर पडायची. एक. दोन. तीन. सहाबारीत सहाच गोळ्या. सहा झाल्या आणि नायकानं मधे न भरता पुन्हा घोडा ओढला, की काका ताडकन उठून टीव्ही बंद करायचे.

"सातवी! बेइमान!"

"काका, तो हिरो आहे. आणि समोरचा दरोडेखोर आहे. चालतं एवढं."

"हिरो हाय म्हनून तर न्हाई चालत. जी गोळी पिस्तुलात नव्हतीच, ती त्यानं झाडली. म्हनजे आता पुढं तो काय बी करंल."

"अहो गोष्ट आहे ती."

"गोष्टीतच मोजायचं असतं पोरी. खऱ्यात कोन मोजतंय?"

तो भाग मग बाद. शेवट काय झाला हे ते कधीच बघायचे नाहीत. शेवट न बघता टाकून दिलेल्या गोष्टींची त्यांच्याकडं रासच असेल.

रेडिओची नाटकं ऐकायची पद्धत वेगळी. तेव्हा हॅट खुंटीवर आणि काकांचं तोंड भिंतीकडं. खुर्ची फिरवून अगदी भिंतीला नाक लावून बसल्यासारखं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा रुसलाय कुणावर तरी. म्हणाले, "टीव्हीला काच असती. रेडिओला भिंत." आणि दर वाक्यामागं त्यांचा तो एक शब्द, गुप्तहेराकडून उचललेला. पुरावा. दूधवाला म्हणायचा, आज दूध लई घट्ट हाय. "पुरावा?" गिरणीवाल्या ताई म्हणायच्या, काका, दळण बारीक काढलंय. "पुरावा?"

"भाकरी थापून बघा की!"

"मग तो पुरावा माझ्या पिठानं झाला. तुमचा कुठाय?"

ताई हसून हसून पट्टा बंद करायच्या. ताईंचा नवरा शुगर फॅक्टरीवर, हंगामात चार-चार महिने घरी नसतो. गिरणी, घर, सगळं त्या एकट्या सांभाळतात. हेही लक्षात ठेवा.

दुपारी चार वाजता काका आपांच्या ओट्यावर जायचे. आपा शिवणकाम करायच्या, पण शुगरनं त्यांचे डोळे गेले. आता उजेड आणि अंधार तेवढा कळतो. काकांच्या हातात एक लांबडी वही, पिशवीत दोन करवंट्या, एक लाटणं, बिस्किटच्या पुड्याचा चुरगळलेला कागद. लांबून दिसायचं ते एवढंच, की काका वहीत बघून हळू आवाजात काही सांगतायत, मधेच करवंट्या ओट्यावर टकटक वाजवतायत, आणि आपा तोंडाला पदर लावून खिदळतायत. कुणी जवळ गेलं की दोघं गप्प. "काय चाललंय?" तर काका म्हणायचे, "घोडा चाललाय." गल्लीनं ते सोडून दिलं होतं. दोन म्हातारी माणसं, चालू दे.

मीही सोडून दिलं होतं. माझ्याकडं वेळ नव्हता. माझ्याकडं अन्याय होता.

हातपंपामागची जागा म्हणजे आमच्या गल्लीचं अंगण. वाळवणं तिथं, क्रिकेट तिथं, बारशाचा मांडव तिथं. त्या जागेच्या पलीकडं मंगल कार्यालय झालं आणि त्याच्या मालकाला गाड्या लावायला आमचं अंगण पाहिजे झालं. आम्ही समिती काढली. मी पत्रक लिहिलं, सहा मागण्यांचं. आमच्या पत्रकात कायम सहाच मागण्या असतात, कारण एका पानावर तेवढ्याच मावतात आणि भोंग्यावरून ओरडताना दम तेवढ्यालाच पुरतो. काकांना ते फार आवडलं होतं. पत्रक हातात घेऊन बोटानं मोजून म्हणाले, "सहाच. झकास. तुला नेम हाय."

ठरलं असं की शुक्रवारी सकाळी सात वाजता, कुंपणाचे खांब रोवायला मालकाची माणसं यायच्या आत, आम्ही सगळे जागेवर जाऊन बसायचं. आणि गुरुवारी भर दुपारी, गल्लीतले बापे कामावर असताना, टेम्पो आला. बारा खांब. दोन तासांत रोवून मोकळे. मालकाला कळलं होतं.

कुणी सांगितलं?

त्यानंतरचे दोन दिवस आमच्या समितीत कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही. आणि शनिवारी सकाळी मी काकांकडं गेले ते भोंगा आणायला. सभेचा भोंगा, अँप्लिफायर, वायर, सगळं काकांचं. बिघडलं की तेच दुरुस्त करायचे, फुकट. त्या दिवशीही त्यांनी माझ्यासमोर तार डाग देऊन जोडली, माईकवर टिचकी मारली, "हॅलो, चार्ली, हॅलो," म्हणाले आणि मला म्हणाले, "बस. उन्हातून आलीस. चहा टाकतो."

ते माझ्यासाठी चहा टाकायला आत गेले. ओट्यावर वही होती. मी ती उघडली.

मधूनच उघडली. पहिल्या पानापासून उघडायला मला काय धाड भरली होती, याचं उत्तर मी रोज स्वतःला विचारते. मधलं पान, काकांचं टपोरं अक्षर:

'टोपीवाला अकरा वाजता गिरणीवालीच्या मागच्या दारानं आत. वीस मिनिटांनी बाहेर. जाताना हात मोकळे, येताना पिशवी. पाळत ठेवणे. शिंप्याला सगळं माहीत, बोलत नाही. दूधवाल्यावर संशय. उद्या सगळे मोकळ्या जागेत जमणार. त्याआधी मालकाला खबर पोचवणे.'

मी फोटो काढला. आतून कपबशा वाजत होत्या. काका आले, चहात आलं घातलं होतं, मी तो प्यायले. पूर्ण प्यायले. 'चांगला झालाय' असंही म्हणाले. भोंगा उचलला आणि सरळ नगरला छापखान्यात गेले. तिथं उद्याच्या सभेचं पत्रक मशीनवर चढायचंच होतं. मी सहा मागण्यांखाली अक्षरं बारीक करून जागा काढली आणि सातवा मुद्दा घातला.

'७. आपल्यातल्या खबऱ्याला ओळखा. त्याला गल्लीबाहेर काढा.'

रविवारी माणसं जमली. खुर्च्या मांडल्या होत्या. काका नेहमीप्रमाणं मागं, भोंग्याच्या वायरीजवळ उभे. वायर निघाली तर लावायला. पत्रकं वाटली गेली. मी बोलत बोलत सहा मागण्या संपवल्या, आणि मग मोबाईल काढून ते पान वाचलं. एकेक शब्द. गिरणीवाल्या ताईंचं मागचं दार भोंग्यावरून चौकापर्यंत गेलं. मग मागच्या बाजूला कुणीतरी 'कोन गं टोपीवाला?' म्हणून खिंकाळलं आणि पंधरा-वीस जण हसले. ताई पुढच्या रांगेत होत्या. त्या उठल्या, खुर्चीची घडी घातली, भिंतीला नीट टेकवली आणि चालत्या झाल्या.

"हे कुणी लिहिलंय माहितीय?" मी ओरडले. "आपल्या शेरीफकाकांनी!"

सगळे मागं वळले. काकांच्या हातात पत्रक होतं. ते वाचत नव्हते. त्यांचं बोट एकेका मागणीवरून खाली सरकत होतं. शेवटाला पोचलं. त्यांनी वर पाहिलं, माझ्याकडं, आणि अगदी सरळ आवाजात म्हणाले, "पोरी, सात झाल्या."

लोकांना वाटलं म्हातारा बरळतोय. मला कळलं. हे मी लिहून ठेवते आहे, कारण नंतर मी बऱ्याच जणांना सांगितलं की मला काही कळलं नव्हतं. मला त्याच क्षणी कळलं होतं. आणि मी माईक खाली ठेवला नाही.

मग ते घडलं, ज्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. पलीकडच्या गल्लीतला एकजण, आमच्या सभांना फक्त भांडणाच्या वासानं येणारा, उभा राहिला. "नाव काय म्हनला? शरीफ? तरीच! ह्यांच्याकडनं दुसरं काय व्हनार!" दोन-चार जणांनी माना डोलावल्या. आपांचे दोन्ही लेक समोर बसले होते. सकाळपासून त्यांनीच सतरंज्या झटकल्या होत्या. त्यांच्या माना खाली गेल्या.

काकांना सुटायला एक शब्द पुरला असता. आडनाव. नुसतं आडनाव सांगितलं असतं तरी तो माणूस खाली बसला असता. मी बघत होते. काकांनी त्या दोन पोरांकडं पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. नाही सांगितलं. आणि मी, जी अशाच बोलण्याविरुद्ध पत्रकं लिहिते, जिच्या हातात माईक होता, मीही काही बोलले नाही. लोक तापले होते. सभा रंगली होती. सभा रंगलेली असताना ती मोडायची नसते, हेही मला शिकवलेलं आहे.

काका गेले. जाताना वाकून भोंग्याची सैल झालेली वायर घट्ट केली.

मंगळवारी आपांनी मला हाक मारली. चारचा सुमार. ओट्यावर एकट्याच बसल्या होत्या, मांडीत दोन करवंट्या.

"कोन, पत्रकवाली का? इकडं ये गं. रविवारी भोंग्यावर तूच सांगत व्हतीस ना गोष्ट?"

"कसली गोष्ट, आपा?"

"आता कसली! टोपीवाल्याची. गिरनीवालीच्या मागच्या दारानं शिरतो ती. भाई रोज इतका हळू सांगतो, तू मात्र एकदम भोंग्यावर! म्या म्हनलं, चला, आज समद्या गल्लीला ऐकवतायत. मग मधीच का थांबलीस? पिशवीत काय व्हतं?"

मी ओट्यावरच बसले.

आपांनी मग सगळं सांगितलं, हसत हसत. काका सकाळी घोडेवाल्यांची मालिका बघायचे, दुपारी भिंतीकडं तोंड करून गुप्तहेराचं नाटक ऐकायचे आणि चार वाजेपर्यंत त्या दोन्हींची मिळून एक गोष्ट करायचे. इंग्रजी नावं आपांच्या लक्षात राहीनात. "एकेक नाव म्हनजे तोंडात गरम बटाटा घेतल्यावानी." म्हणून काकांनी गल्लीतली माणसं उचलली. चेहऱ्यावरून नाही, आवाजावरून, कारण आपांना आवाजच ओळखीचे. दूधवाल्याला खोकला, म्हणून तो दरोडेखोर. शिंपी पुटपुटतो, म्हणून तो सगळं माहीत असणारा. गाव भिंगारच. घोडागाडी म्हणजे नेवाशाची एसटी. दरोडेखोर लपतात भंडारदऱ्याच्या डोंगरात. आणि दारूचा गुत्ता आपांना चालेना, तेव्हा काकांनी त्याची रसवंती केली. मोठमोठे गुंड घोड्यावरून उतरतात, दार ढकलून रसवंतीत शिरतात, फळीवर मूठ आपटतात आणि म्हणतात, एक फुल्ल, बर्फ न घालता.

"मेले रस पिऊन बी भांडत्यात!" आपा म्हणाल्या आणि डोळे पुसले. "मला आता कायबी दिसत न्हाई बघ. पर चार वाजले की मला समदी गल्ली दिसती. घोड्यावर." मग थांबून, "तीन दिस झाले भाई आला न्हाई. बरं न्हाई का त्याला?"

मी काहीतरी खोटं सांगितलं.

खबर कुणी दिली, तेही त्याच आठवड्यात कळलं. शुक्रवारचं सगळं मी मोबाईलवर समितीच्या ग्रुपात टाकलं होतं, वेळेसकट. त्या ग्रुपात एक मांडववाला होता. मंगल कार्यालयाचं सगळं काम त्याच्याकडं. त्याला ग्रुपात घेतलं होतं मी. सभेला खुर्च्या फुकट मिळाव्यात म्हणून. ताईंनी घडी घालून भिंतीला टेकवलेली ती खुर्चीही त्याचीच.

समितीत मी हे सांगितलं. आमच्या अध्यक्षांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "झालं ते झालं. आता जाहीर करू नको, आंदोलनाचं नुकसान होईल." पुढचं पत्रक पुन्हा सहा मागण्यांचं निघालं. माफी नव्हती त्यात. मीच लिहिलं ते.

ताईंकडं गेले. गिरणी चालू होती, त्यांनी बंद केली नाही. पट्ट्याच्या आवाजावरून ओरडून म्हणाल्या, "मला इथं पिठात उभं करून सॉरी म्हणू नको. भोंग्यावर बोललीस ना? भोंग्यावर म्हण."

भोंगा काकांचा.

दारात उभी राहिले तेव्हा काका भिंतीकडं तोंड करून बसले होते. टेप चालू नव्हती. मला बघून उठले, खुंटीवरची हॅट घेतली, डोक्यावर न घालताच छातीशी धरली. तेवढं करायला ते विसरले नाहीत.

"काका, भोंगा पाहिजे."

"कशाला?"

"माफी मागायला."

"बिघडलाय."

"दुरुस्त करा ना."

"ऐकायचं काय हाय त्याच्यावर?"

मी रडले. ते माझं रडणं संपायची वाट बघत उभे राहिले, मग म्हणाले, "बस. चहा टाकतो." आणि आत गेले. वही ओट्यावर होती. मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसले.

ते कपबशा घेऊन आले. वहीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"उघडायची व्हती. पहिलं पान. त्या दिवशी बी तेच उघडायचं व्हतं."

पहिल्या पानावर पात्रांची यादी होती. 'मालक: हजार गुरांचा धनी, प्रवरेपलीकडं राहतो. भला, पण एकटा. त्याच्यावर हल्ला होणार आहे.' 'गिरणीवाली: गावात सगळ्यात धीट. जखमी माणसाला मागच्या खोलीत लपवून ठेवलंय, टोपीवाला डॉक्टर आहे.' दूधवाला, शिंपी, सगळे होते. मी शेरीफ कोण ते शोधत होते. मला वाटलं ते स्वतः असतील. यादीत ते कुठंच नव्हते. शेवटची ओळ अशी होती:

'शेरीफ: पत्रकवाली पोरगी. खोटं बोलत नाही. घाई करते.'

"काका, हे खोडा."

"पेननं लिहिलंय."

चहात आलं होतं. मी विचारलं, चार वाजता जाणार का आपांकडं? ते म्हणाले, "मानसांची नावं न इचारता घेतली, ही माझी चूक. तू वाचलंस म्हनून ती गिरनीवालीच्या अंगावर आली. पर लिवलं व्हतं म्या. आता नाव घ्यायचं तर मानसानं येऊन सांगावं, घ्या. त्याबिगर न्हाई."

"आणि गोष्ट?"

"अर्ध्यात हाय."

मी गल्लीत फिरले. आतापर्यंत तिघं जाऊन आले. दूधवाला पहिला गेला. दारातूनच ओरडला, "काका, मी दरोडेखोर हाय म्हनं! पकडलो का मी?"

"अजून न्हाई."

"मग नाव घ्या माझं, खुशाल घ्या. फक्त फाशी देऊ नका, बायकोला शेवट सांगावा लागतो."

आपांचा थोरला लेक गेला. म्हणाला, मला काहीही करा, पण घोडा द्या. तिसऱ्या गिरणीवाल्या ताई. त्या काय बोलल्या मला माहीत नाही, मी लांब उभी होते. परत येताना माझ्याकडं बघितलं नाही. पण काकांच्या अंगणात त्यांनी पिठाचा डबा ठेवला होता आणि काका बोटांत पीठ चोळून बघत होते. पुरावा.

तिघं पुरत नाहीत. गोष्टीत एकवीस माणसं आहेत. आपा रोज चार वाजता करवंट्या मांडीत घेऊन बसतात. पिशवीत काय होतं ते मला आता माहीत आहे, पण मी सांगणार नाही. ते सांगायचा हक्क माझा नाही.

तेव्हा आता तुम्ही. त्या पानाचा फोटो मी सभेनंतर ग्रुपात टाकला होता आणि तो तुम्ही पुढं पाठवलात. मोबाईल काढा आणि पुसा. वाचून झाल्यावर नाही, आत्ता. ते पत्रक घरात कुठं असेल तर सातवा मुद्दा फाडून टाका. 'शरीफ? तरीच!' हे ऐकून तुम्ही मान डोलावली असेल, तर आपांच्या लेकांच्या घरी जा आणि डोलावली होती असं त्यांच्या तोंडावर सांगा. मी गप्प राहिले होते, ते मी सांगून आले. आणि मग काकांच्या दारात जा, स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडानं सांगा आणि म्हणा, घ्या. भिंगारचे नसलात तरी चालेल, नेवाशाच्या एसटीत बसायला माणसं लागतातच. दार उघडलं नाही तर कडी वाजवा. सहापेक्षा जास्त वेळा वाजवू नका. ते आत बसून मोजतात.